मेणाच्या राजाचं जेवण

धुतलेला रुमाल हातावर टाकून गिलमेत रोजच्यासारखीच दालनाकडे निघाली. राजेसाहेबांच्या दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

राजेसाहेब मेणाचे होते. खरे राजे तळघरात, शिशाच्या पेटीत. पण दफन होईपर्यंत हा पुतळाच राजा. त्यालाच दोन्ही वेळा वाढायचं आणि ‘मेले’ हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारायचा नाही, अशी दरबारची रीत होती.

"जिवंतपणी तोंडात दात नव्हता, आता बघ, कबुतराची हाडंसुद्धा शिल्लक नाहीत," स्वयंपाकीण कुजबुजली. "उंदीर गं बाई, उंदीर!" म्हणत तिनं घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली.

गिलमेतला हसू आलं नाही. आज तिच्या भावाला, तिबोला, फाशी होती. वैऱ्याच्या, व्हेर्माँ घराण्याच्या एका स्वाराला त्यानं आपल्या गिरणीत रात्रभर निजू दिलं, एवढाच गुन्हा. हुकूम राजाचा. कारभारी आन्सेल्मनं आपली अधिकाराची पांढरी काठी मोडून राजा गेल्याचं पुकारलं, की त्याचे सगळे हुकूम रद्द होणार होते. पण सरदार दफन लांबवत होते. पुतळा जेवतोय तोवर त्याच्या नावानं शत्रू लटकवता येत होते.

"आन्सेल्मकाका, मोडा ना काठी…"

"माझी मान मोडतील, पोरी. जा, रुमाल दे."

दालनात खिडक्या झाकलेल्या. मेण, भाजलं मांस आणि त्याखाली कसलासा ओला, कुबट वास. रांगेनं उभे सरदार श्वाससुद्धा जपून घेत होते. गिलमेत वाकली, रुमाल पुढे केला…

पुतळ्याची बोटं तिच्या मनगटाभोवती मिटली. थंडगार. ओली.

"नको… सांगूस…" तिच्या कानापाशी कुणीतरी पुटपुटलं.

किंकाळी ओठांपर्यंत आली. पण तेवढ्यात तिला दोरात अडकणारा तिबोचा गळा आठवला, आणि भीतीची जागा संतापानं घेतली.

"महाराज," ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही मेलात."

"गप्प बस, कार्टे!" एक सरदार ओरडला.

"मेलात! कधीच मेलात! माझ्या भावाला ओढू नका तुमच्यामागे!"

पकड सुटली. तिच्या मनगटावरचे निळे वळ आन्सेल्मनं पाहिले. पुतळ्याकडे पाहिलं. मग त्यानं डोळे मिटून काठी गुडघ्यावर मोडली. कडाड आवाज झाला आणि फाशीच्या मैदानाकडे निरोप घेऊन एक स्वार सुटला.

ऊन कलताना तिबो घरी आला. गळ्यावर दोराची लाल रेघ.

"वेळेवर पोचला म्हणायचा स्वार!" गिलमेत रडत हसली.

"स्वार मागून आला, ताई. त्याआधी एक म्हातारा आला. भरजरी झगा, पाय अनवाणी. त्याला बघून जल्लाद गुडघ्यांवरच बसला. म्हातारा म्हणाला, ‘सोडा याला… मी गेलोय.’"

"मग?"

"मग मला विचारलं… ‘हे मला सांगणारी कुठं राहते?’" तिबोनं मान खाली घातली. "मी सांगून बसलो गं."

गिलमेतनं उठून दार सताड उघडलं. "येऊ दे. पुन्हा सांगेन."

गल्लीत कुणीही चालत नव्हतं. पण दोन्ही बाजूंचे शेजारी, चांभार, दाई, खेळणारी पोरंसुद्धा, टोप्या काढून, माना झुकवून गुडघ्यांवर बसली होती… आणि मधली वाट थेट तिच्या दारापर्यंत मोकळी सोडली होती.

गिलमेत उंबऱ्यावर ताठ उभी राहिली.