उष्टावणाची वाटी

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. डिसेंबर २००६, इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स. तिकडच्या हिवाळ्यात एवढ्यातच बाहेर काळोख पडत आला होता, तेव्हा हे सुरू झालं. घडलं शशिधरकाकांच्या शेजारणीकडे, स्वरालीकडे. परवा रात्री जेवणं झाल्यावर काकांनी आम्हाला सांगितलं. माझी तान्ही ईशिता मांडीवर झोपली होती.

स्वरालीचा नवरा अनिश बाळासाठी खेळणं आणायला चॅरिटी शॉपमध्ये, लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, गेला आणि तसबीर घेऊन आला. इटलीतल्या जुन्या चित्राची नक्कल. मेरी बाळ येशूला पाजतेय, बाळाचे डोळे मिटलेले.

"बघ, किती शांत वाटतं!"

"देवाची आहे ना? मग नुसती टांगायची नाही," स्वराली म्हणाली. "नैवेद्य लागतो."

विहानचं उष्टावण नुकतंच झालं होतं. त्याच चांदीच्या वाटीत ती रोज दिवेलागणीला तसबिरीपुढे दूध ठेवायची. मग तेच प्रसाद म्हणून विहानला चमच्याने पाजायची.

थोड्याच दिवसांत विहान तिच्या अंगावर पिईना. छातीशी धरलं की तोंड फिरवायचा. वाटी दिसली की मात्र हात नाचवायचा. पोराच्या बरगड्या दिसायला लागल्या. तिथला डॉक्टर, जीपी, म्हणाला, काही नाही.

एका संध्याकाळी काका गेले, तेव्हा ती चमचा भरतच होती. चमच्याबरोबर वाटीतून तार वर आली. लांब, चिकट. लाळेची... आंबूस वास सुटला होता.

"थांब, पोरी."

काकांनी वर पाहिलं.

तसबिरीतल्या बाळाचे डोळे उघडे होते. गाल टम्म. हनुवटीवरून दूध ओघळलेलं.

आणि मेरीने... त्याला छातीपासून लांब धरलं होतं. किळस आल्यासारखं.

"काका... म्हणजे रोज मी माझ्या पोराला... ह्याचं उष्टं..."

ती सिंकमध्ये ओकली. ओकतच राहिली.

काकांनी तसबीर तेव्हाच गाडीत घालून टिपवर, गावाच्या कचरा डेपोत, नेऊन टाकली. त्या रात्री विहान आईच्या अंगावर प्यायला. पोर वाचलं.

मी म्हटलं, "काका, उगाच घाबरवू नका हो."

काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत ती वाटी. स्वरालीला घरात नको होती.

वाटीच्या काठावर दातांच्या खुणा होत्या. बारीक. वर दोन, खाली दोन.

विहानला तेव्हा एकही दात आला नव्हता.

जिच्या घरात तान्हं मूल असेल तिला एवढं सांगाच. कुणाच्या घरातून निघालेली तसबीर आणू नका. आणलीच असेल, तर तिच्यापुढचं दूध बाळाच्या तोंडाला लावू नका.