हिरवा दिवा कोणाचा?

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, एक वायरलेस संच, गुंडाळी वायरचा एक माइक आणि भिंतीवर सहा दूधगाड्यांच्या वेळा होत्या. मुलं तीन आणि माइकची कळ एकच, म्हणून भांडणं मात्र मोजता येत नव्हती!

गाड्यांशी बोलायचं काम मावशीचं. कळ दाबून बोलायचं, "ओव्हर" म्हणायचं, कळ सोडून ऐकायचं. त्या सुटीत मुलं जेवताना मीठसुद्धा "ओव्हर" म्हटल्याशिवाय मागत नसत. खिशात फोन येण्याआधीचे ते दिवस. डोंगरापलीकडचा आवाज खोलीत येई, याचंच केवढं अप्रूप होतं!

आज मात्र मावशी काळजीत होती. रोज दुपारी संच मुका व्हायचा. काल बंद पडलेल्या गाडीची हाक पोचलीच नाही आणि सगळं दूध नासलं.

"आज पुन्हा असं झालं, तर उद्यापासून खोली बंद आणि तुमचं कामही!" मालकांनी सकाळीच बजावलं होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी मावशीने तिसऱ्यांदा हाक मारली. उत्तर नाही!

"मावशी, हा हिरवा दिवा कशाचा गं?" थोरल्या भाचीने विचारलं. ती दिसेल ते मोजायची, म्हणून तिचं नाव मोजपट्टी.

"कोणी बोलत असलं की लागतो. पण संचच बिघडलाय म्हणतात मालक."

"मग आत्ता कोण बोलतंय?"

"भूत! ओव्हर!" तिचा भाऊ ओरडला. त्याला सगळे शिट्टी म्हणत.

"गप रे!" मोजपट्टी म्हणाली. "कोणाच्या तरी माइकची कळ दाबलेली राहिलीय. ती सुटेपर्यंत बाकीच्यांचं ऐकूच येणार नाही. आणि संचावरचा हा काटा बघ! डोंगरातून हाक आली की तीनवर जातो. आत्ता नवावर आहे."

"म्हणजे गाडी जवळच आहे?" धाकटी म्हणाली. "पण सहाही गाड्या डोंगरात गेल्यात! इथे तर फक्त मालकांची जीप..."

तिघांनी धूम ठोकली!

मागच्या अंगणात, जीपमध्ये, जेवून तृप्त झालेले मालक घोरत होते. जीपमधल्या संचाच्या माइकची वायर त्यांच्या पाठीमागच्या उशीखाली गेली होती.

"उठवू?" शिट्टी कुजबुजला.

"नको! मग म्हणतील, मी नव्हतोच." मोजपट्टीने उशीचं टोक हळूच उचललं.

खट्! जीपमधला संच एकदम गरजला, "कंट्रोल! चार नंबर बोलतोय! घाटात इंजिनचा पट्टा तुटलाय! कोणी ऐकतंय का? ओव्हर!"

मालक ताडकन उठून बसले. तेवढ्यात मावशीचा आवाज आला, "ऐकतेय, चार नंबर! दोन नंबरला तुमच्याकडे पाठवते. ओव्हर!"

मालकांनी वायर पाहिली, उशी पाहिली, मग तीन चेहरे पाहिले.

"म्हणजे रोज... मीच?"

"रोज. जेवण झाल्यावर," मोजपट्टी म्हणाली.

मालक खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, चूक माझी. तुम्ही इथेच हव्यात. आणि ही पोरं कोणाची हो? भलतीच हुशार आहेत!"

"माझ्या बहिणीची!" मावशी म्हणाली आणि आज पहिल्यांदाच हसली.

संध्याकाळी चार नंबरच्या बावीस कॅनमधलं दूध तापवून पाहिलं. नासलेले कॅन: शून्य.