तिसऱ्या ओळीवर सही नाही

लिफ्ट बंद होती. नुसती बंद नव्हती, तिच्या दारावर लावलेल्या ‘दुरुस्ती सुरू आहे’ या पाटीवरसुद्धा धूळ बसली होती. आणि दिव्यांगांच्या अनुदानाचे अर्ज जिथे घेतात ती तहसीलची शाखा नेमकी दुसऱ्या मजल्यावर! ही अक्कल ज्याने चालवली त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडून तनुजा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. बसच्या अपघातात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. कृत्रिम पाय सपाटीवर गुणी बाळासारखा वागायचा, पायऱ्या दिसल्या की मात्र हटून बसायचा.

“ओ मॅडम, जरा सरकता का? वर जायचंय.”

तिने मान वर केली. एक उंच, सावळा तरुण उभा होता आणि त्याच्या पाठुंगळी चक्क एक म्हातारी होती.

“मी बसलेय, दिसत नाही का?”

“दिसतंय की. म्हणून तर ‘जरा’ म्हणलो.”

“सरक गं माय,” पाठीवरून म्हातारी खिदळली, “पोराची पाठ मोडायला लागली.”

तनुजा सरकली. दहा मिनिटांनी तो एकटाच खाली आला, रुमालाने कपाळ पुसत. म्हातारीचं नाव गोजरबाई, करमाडला त्याच्या शेजारी राहतात, त्यांना पुढेमागे कुणी नाही, त्यांचाही अनुदानाचा अर्ज आहे, हे सगळं त्याने न विचारताच सांगून टाकलं. तो स्वतः शेंद्र्याच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला होता.

“तुमचं काय काम हाय वर?”

“अर्ज कुठवर आलाय ते विचारायचंय. मोबाइलवर बघावं तेव्हा आपलं ‘विचाराधीन’!”

“द्या नंबर, मी विचारून येतो. मी माऊली. नायतर पाठ बी रिकामीच हाय आता...” असं म्हणून तो स्वतःच लाजला. “नाय, नाय, आपलं असंच म्हणलो.”

तिला रागवायचं होतं. पण हसूच आलं, मेलं!

तो वरून निरोप घेऊन आला — कागद पूर्ण आहेत, घरी चौकशी व्हायची आहे, पुढच्या मंगळवारी या.

मग काय, मंगळवारमागून मंगळवार गेले. ती चिकलठाण्याहून रिक्षाने यायची, तो करमाडहून मोटारसायकलवर. तो वर जाऊन दोघींचं विचारून यायचा आणि मग उगाचच खाली बाकावर रेंगाळायचा. थंडीत एकदा त्याने शेतातला कोवळा हुरडा आणला, अजून कोमट होता. एकाच कागदावर दोघांनी खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीसकट. शेवटच्या चिमटीला दोघांची बोटं एकदमच कागदावर आली आणि एकदमच मागे गेली...

“तुम्ही इथल्या सगळ्या बायकांना ताई म्हणता,” ती म्हणाली, “मलाच मॅडम का?”

माऊलीने हुरड्याचा शेवटचा दाणा बराच वेळ चावला.

“तुम्हाला ताई म्हणलं, तर माझं लई नुकसान व्हईल.”

त्या दिवशी घरी परतताना थंडी असूनही तिला रिक्षात गरम होत होतं.

तिने त्याला सगळं सांगितलं होतं. बी.एड.चं शेवटचं वर्ष होतं. सिटी बसची पायरी चढणं आता होत नव्हतं, कॉलेजला रिक्षाच लागायची, आणि आईच्या शिवणकामावर ती रोजची रिक्षा परवडत नव्हती. अनुदान मंजूर झालं तर कॉलेज टिकणार होतं. नाहीतर सोयगावच्या मामाने बजावलंच होतं, “उन्हाळ्याआधी दोघी इकडं या. शिकून काय करायचंय?” मामाच्या घरात एकदा बसलं की आपण कायमच्या बसलो, हे तनुजाला पक्कं ठाऊक होतं.

आणि एका मंगळवारी सकाळी मोबाइलवरचा तो शब्द बदलला. ‘नामंजूर. कारण : पतीच्या नोकरीमुळे कौटुंबिक उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.’

“पती?” तनुजा ओरडलीच. “कोण पती?”

आईने शिवणयंत्र थांबवलं आणि लेकीकडे आपादमस्तक पाहिलं.

“तनू, खरं सांग. मला न सांगता काही...?”

“आई!”

तासाभरात ती कार्यालयात होती. गोजरबाईंना वर पोचवून माऊली जिन्याखाली उभा होता. तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

“माझंच चुकलं,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी वर ते म्हणले, घरच्या माणसाशिवाय कुणाला काय सांगत नाय. म्हणून म्हणलो, घरचाच हाय मी. नुसतं काम व्हावं म्हणून...”

“नुसतं काम व्हावं म्हणून?”

तो रुमालाची घडी घालत राहिला. तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ज बुडाल्याचं होतं की त्याच्या गप्प राहण्याचं, हे तिचं तिलाच कळेना.

“चला, मी वर जाऊन सांगतो समदं.”

“काही नको! अर्ज माझा आहे. मी बोलेन.”

आणि तिने कठड्याला हात घातला. एक पायरी. मग दुसरी. पाय हटून बसला, तिने त्याला दामटला. जखम हुळहुळली, तरी ती थांबली नाही. माऊली एक पायरी मागे राहून, हात पसरून चढत होता. पण तिला धरायची वेळच आली नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा ती घामाने डबडबली होती, पण मान ताठ होती.

“साहेब, हे माझे नवरे नाहीत,” ती टेबलापलीकडच्या कारकुनाला, मोहियोद्दीनभाईंना म्हणाली.

मोहियोद्दीनभाईंचा चष्मा नाकावर घसरला. “क्या बोल रई बेटी? मेरे कू तो मियां-बीवीच लगे! हर मंगलवार नीचे बाकावर जोडीनं बसता, ये तेरे वास्ते ऊपर-नीचे दौडता... मैंच बोल्या ना तलाठ्याला, शोहर कंपनी में है, बडा नेक बंदा है.”

“आणि तलाठ्यांनी तेच लिहून टाकलं! माझ्या घरी आले नाहीत, आईला एका शब्दानं विचारलं नाही. माझं लग्न झालं, हे मला सोडून सगळ्या ऑफिसला माहीत!”

आवाज ऐकून आतून नायब तहसीलदार मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओठ दाबून हसूही आवरलं.

“चूक आमची आहे, आपण दुरुस्त करू. दोघांचा जबाब लिहून घ्या. सह्या झाल्या की दुपारच्या बैठकीत हा अर्ज मी स्वतः ठेवते.”

मोहियोद्दीनभाईंनी भराभर तीन ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचल्या. “आम्ही पती-पत्नी नाही. आमचे एकमेकांशी कोणतेही नाते नाही. पुढेही राहणार नाही.”

तनुजाने सही ठोकली. माऊलीने पेन घेतलं, कागदावर टेकवलं... आणि तसंच धरून ठेवलं.

“करा ना सही,” ती पुटपुटली.

“पहिली ओळ खरी हाय,” माऊली म्हणाला. “दुसरी बी खरी म्हणू. पण तिसऱ्या ओळीवर मी सही नाय करणार.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला.

“माऊली, माझं कॉलेज...”

“ठाव हाय मला.” तो तिच्याकडे वळला. “तुमचं काम अडवणार नाय मी. तुम्ही म्हणलात तर करतो सही. पण ते खोटं असंल. तुम्ही मला लई आवडता, तनुजा. जिन्यात बसून माझ्यावर खेकसलात ना, तवापासून.”

सगळं ऑफिस तिच्याकडे बघत होतं. आयुष्यात कधी एवढ्या लोकांसमोर एवढं सुख झालं नव्हतं, आणि ते लपवायला जागाही नव्हती.

तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. तिसऱ्या ओळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेघ मारली.

“अरे, अरे! सरकारी कागज पे खाडाखोड?” मोहियोद्दीनभाई कळवळले.

“चालते,” मॅडम म्हणाल्या. “फक्त खोडलं तिथे बाजूला दोघांची सही लागते.”

तनुजाने समासात सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने आधी समासात, मग खाली सही केली.

दुपारी बैठक संपवून मॅडम बाहेर आल्या तेव्हा दोघं वरच्याच बाकावर शेजारी शेजारी बसले होते आणि गोजरबाई मुद्दाम लांबच्या खुर्चीवर.

“गोजरबाईंचं मंजूर. आणि तनुजा, तुमचंही मंजूर,” मॅडम म्हणाल्या. मग माऊलीकडे बघून त्यांनी आवाज जरा कडक केला. “एक सांगून ठेवते. लग्न झालं की यांचा पगार उत्पन्नात धरला जाईल. अनुदान बंद होईल.”

“माझं बी.एड. झाल्याशिवाय लग्न नाही, मॅडम,” तनुजा म्हणाली. “आणि तेव्हा अनुदान बंद करा म्हणून अर्ज द्यायला मीच येईन. स्वतःच्या पगारातून पेढे घेऊन.”