न दळलेला पासवर्ड

"चूक कबूल कर, नाहीतर शाळा सोड," मोठ्या बाई म्हणाल्या.

दहावीतली ताई टेबलापुढे रडवेली उभी होती. सकाळी शाळेच्या वेबसाइटवरून, तिच्या खात्यातून, सगळ्या पालकांना बाईंबद्दल घाणेरडा संदेश गेला होता.

"ती काहीएक कबूल करणार नाही!" दार ढकलून आत आली ती आठवीतली भिंगरी. ताईची धाकटी बहीण, पण तोंडाने दुप्पट मोठी.

"तिचा पासवर्ड तिलाच ठाऊक," वेबसाइट बनवणारे संगणकाचे सर म्हणाले. "विषय संपला."

"कुणी ओळखला असेल तर?"

"मग हलगर्जीपणा तिचाच. मांजराचं नाव ठेवल्यावर दुसरं काय होणार!"

भिंगरी एकदम गप्प झाली. तिच्या बाबतीत हे भयंकरच.

"ताई, सरांशी तुझं काही वाजलं होतं?"

"मी म्हटलं, साइट सुरक्षित नाही. तर म्हणाले, बाईंच्या कानावर घातलंस तर बघ."

"खोटं!" सर ओरडले.

"बाई, तुमच्या खात्यावर 'पासवर्ड विसरलात?' दाबा ना," भिंगरी म्हणाली.

बाईंनी दाबलं. मेल आली. बाईंनी घाईघाईने पडद्यावर हात ठेवला.

"अगं, माझा पासवर्ड अख्खा पाठवला की! चांगली सोय आहे."

"सोय कसली, भगदाड आहे! पासवर्ड गव्हासारखा दळून ठेवायचा असतो, बाई. प्रत्येकाच्या दाण्यांत वेगळं मीठ टाकून, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं. आपण टाइप केलं की साइट पुन्हा दळते आणि पीठ जुळतंय का बघते. पिठाचे परत गहू होत नाहीत, म्हणून साइट बनवणाऱ्यालाही पासवर्ड कळत नाही. इथे मात्र गहू उघड्यावर! आणि साइटच्या कोठाराची किल्ली एकट्या सरांकडे."

"म्हणून मीच चोर?" सर हसले.

"ताई, पासवर्ड काय होता?"

"मांजराचंच नाव. पण... मांजर नाहीये आपल्याकडे. कधी पाळलं तर ठेवायचं, असं मनात होतं. तुलाही सांगितलं नव्हतं गं."

"मग मनातलं मांजर सरांना कुठे भेटलं? कोठारात! ताई तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच सरांना तिला खोटं पाडायचं होतं, बाई."

सरांचं हसू मावळलं. "मी... फक्त तिला गप्प करायचं होतं."

बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. "सर, घरी जा. आणि मुलींनो, हे या खोलीबाहेर नको. शाळेची अब्रू जाईल."

आता ताईच पुढे झाली. डोळे कोरडे, मान ताठ.

"गेली तर जाऊ दे, बाई. अब्रू आपली, पण पासवर्ड लोकांचे. कितीजण तोच बँकेतही वापरत असतील. साइट बंद करा. पालकांना खरं कळवा. आजच."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खुर्चीवरून उठल्या.

"बस इथे. लिही."