उत्तरं लिहिण्यासाठी शांतता

अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी ऐकून किती कळतं आणि वाचून किती कळतं, हे तपासणं माझं काम. वाचनाचं सोपं असतं. उतारा द्यायचा, खाली प्रश्न द्यायचे, आणि पोरं उतारा न वाचता प्रश्नातले शब्द उताऱ्यात हुडकतात हे माहीत असून काणाडोळा करायचा. ऐकण्याच्या परीक्षेला मात्र आधी कुणीतरी बोलून ठेवावं लागतं. तिकीट खिडकीवरचा कारकून आणि प्रवासी, डॉक्टर आणि पेशंट, चष्मा हरवलेली बाई आणि दुकानदार, असे संवाद मी लिहिते. ते आम्ही शाळेतच रेकॉर्ड करतो. प्रत्येक संवादानंतर माझाच आवाज इंग्रजीत सांगतो, ‘आता पुन्हा ऐका.’ त्यामुळे मुलं माझ्यामागे मला पुन्हा-ऐका मॅडम म्हणतात.

रेकॉर्डिंगचं यंत्र आमचे हे सांभाळतात. ते त्याच शाळेत फिजिक्स शिकवतात आणि मुलांनी त्यांचं नाव डेसिबल सर ठेवलंय. लायब्ररीमागे पूर्वी नकाशे ठेवायची एक खोली होती. तिला खिडकी नाही. ह्यांनी भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकली, एक टेबल आणि तीन खुर्च्या टाकल्या, आणि तो आमचा स्टुडिओ झाला. आत गेलं की धूळ आणि लोकर यांचा वास नाकात बसतो आणि स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं.

संवादांच्या मधे मुलांना उत्तरं लिहायला वेळ द्यावा लागतो. तेवढा वेळ कोरी फीत ठेवली तरी चालतं. सगळीकडे तसंच करतात. ह्यांना ते पटत नाही. “यंत्राची शांतता कोरी असते. पोरांना वाटतं बंद पडलं, आणि चुळबुळ सुरू होते. खोलीची शांतता पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. म्हणून संवाद संपले की माइक चालू ठेवून सगळ्यांनी तसंच बसायचं. ह्यांनी हात वर केला की गप्प. पुरेसा वेळ झाला की हे म्हणायचे, “झालं.” नंतर हे तेवढं ‘झालं’ कापून टाकायचे. मग उरायची ती नुसती शांतता, आणि तीच प्रत्येक संवादानंतर जोडली जायची.

तिसरी खुर्ची ठमीची होती. ठमी म्हणजे आमची लेक. संवादांना तरुण आवाज लागायचा आणि ही हातची होती. शांततेचा तिने खेळ करून टाकला होता. ह्यांनी ‘झालं’ म्हणायच्या आधी जो हलेल किंवा बोलेल, त्याची पाळी. पुढच्या वेळी त्याने एकट्याने आत बसायचं आणि बाकीच्यांनी बाहेर जाऊन चहा प्यायचा. बहुतेक वेळा तिलाच हसू फुटायचं आणि तिचीच पाळी यायची. शेवटच्या वेळी मात्र ती एकटी आत बसली आणि पठ्ठी हलली नाही. गाल फुगवून, डोळे मिटून बसली होती. हे दारात यंत्राशी उभे होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते.

त्यानंतर लवकरच ठमी गेली. ताप आला आणि उतरला नाही. ती असती तर आज बारावीत असती. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. हाताला मुंग्या येऊन तो बधिर झाला की आपलाच असून दुसऱ्याचा वाटतो. माझं सगळंच तसं झालं होतं. मी शाळेत जात होते, पेपर काढत होते, तपासत होते. स्टाफरूममधे लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे आणि मला ते नीट ऐकूही यायचं नाही.

या वर्षीचे संवाद मी ग्रंथपालबाईंबरोबर रेकॉर्ड केले. त्या हौसेने आल्या आणि तिकीट मागतानाही भाषण केल्यासारख्या बोलल्या. शांतता आम्ही पुन्हा रेकॉर्ड केली नाही. हे म्हणाले, “मागचीच जोडतो.” सुरुवातीला खुर्चीची बारीक करकर आहे, ती ठमीच्या खुर्चीची. मी ती ओळखली.

बारावीच्या सराव परीक्षेत पहिला संवाद झाला, शांतता सुरू झाली, आणि एकाही मुलाने पेन उचललं नाही. सगळी मुलं मान किंचित तिरकी करून बसली होती. दुसरा संवाद लागल्यावर गडबडीने आधीची उत्तरं लिहू लागली. मी म्हटलं, झोप झाली नसेल.

तास संपल्यावर पुढच्या बाकावरची मॉनिटर मुलगी टेबलाशी आली. ती सरळ पोर आहे, चेष्टा करणारी नाही.

“मॅडम, मधल्या संवादाचे प्रश्न पेपरात नाहीयेत.”

“कुठला मधला संवाद?”

“तो, सारखा येतो तो. प्रत्येक वेळी शेवटी. ती मुलगी बोलते तो.”

मी तिला म्हटलं, कुठला तरी बाहेरचा आवाज असेल. दुसऱ्या तुकडीत तेच झालं. अकरावीतही तेच. तिथल्या मुलांनी तर हात वर करून प्रश्न मागितले. मी ग्रंथपालबाईंना हेडफोन लावून दिला. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान आलाय हो माझा आवाज.” शांततेत त्यांना काही सापडलं नाही. मी स्वतः ऐकलं. करकर, मग काही नाही. यंत्राच्या पडद्यावर आवाजाची रेघही सरळ होती.

मी हबकले नाही. हे दरवर्षी अकरावीला एक शिट्टी वाजवून दाखवतात, ती मुलांना ऐकू येते आणि ह्यांना येत नाही. वय वाढलं की वरचे आवाज कानातून जातात. म्हणजे फितीत काहीतरी बारीक असणार आणि ते कोवळ्या कानांना कळत असणार, असं मी ठरवलं. मुलं काय ऐकतात हे शोधायची एकच रीत मला येते. मी प्रश्न काढले. कोण बोलतं, कुठून बोलतं, तिच्याबरोबर कोण आहे, ती काय करते आहे. प्रत्येकाला चार पर्याय. एकमेकांचं बघून लिहू नये म्हणून वेगवेगळे संच केले आणि पर्यायांची उलटापालट केली. शेवटी एक रिकामी ओळ ठेवली, तिचे शब्द लिहा म्हणून.

मॉनिटरने हात वर केला. “मॅडम, ती इंग्रजीत बोलत नाही. आपल्यासारखंच बोलते. तसंच लिहू का?”

“तसंच लिहा.”

संच वेगळे होते, उत्तरं एकच होती. मुलगी आहे. लहान खोलीत आहे. तिच्याबरोबर कुणी नाही. ती विचारते आहे. आणि रिकाम्या ओळीवर सगळ्यांनी, सुबक अक्षरात आणि गिचमिड अक्षरात, एवढंच लिहिलं होतं: झालं का? बोलू आता?

मी ते कागद तपासले. लाल पेन हातात होतं म्हणून बरोबरच्या खुणाही केल्या. मग लक्षात आलं की त्या शांततेला शेवटच नाही. हे शेवट कापतात. जितक्या वेळा आम्ही ती लावली तितक्या वेळा ठमी गाल फुगवून तिथे बसली होती, आणि तिला कुणी सुटी दिली नव्हती.

संध्याकाळी चहा घेताना मी ह्यांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मुलांची थट्टा असेल असं म्हणाले नाहीत.

“तो कापलेला तुकडा आहे का कुठे?” मी विचारलं.

“तो कुणी ठेवतं का?”

“मग पुन्हा म्हणा, अहो. एवढा एक शब्द. तुमच्याच तोंडून हवा तिला. गप्प बसून दमली असेल ती.”

ह्यांनी कप विसळून पालथा घातला. पुष्कळ वेळ नळ चालू होता. “म्हटलं की संपलंच मग,” ते म्हणाले.

मला त्यांची कणव आली असणार. आता नक्की आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत आम्ही नकाशांच्या खोलीत गेलो. नवी शांतता रेकॉर्ड करायची आणि या वेळी ‘झालं’ कापायचं नाही, असं ठरलं होतं. मी माझ्या खुर्चीवर बसले. ठमीची खुर्ची शेजारीच होती. ह्यांनी यंत्र चालू केलं, हात वर केला.

लोकरीचा वास आला. बाहेर मैदानावर शाळाभरची पोरं ओरडत होती, आत काहीच येत नव्हतं. माझ्या कानात माझं रक्त वाजत होतं. शेजारच्या खुर्चीकडून ऊब येत होती, आजारी माणसाजवळ बसल्यावर लागते तशी. मी तिकडे पाहिलं नाही.

ह्यांचा हात वरच होता. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. पुरेसा वेळ कधीच होऊन गेला होता. घंटा व्हायची वेळ आली असावी.

ते म्हणत नव्हते.

मग मीच म्हटलं, “झालं गं ठमे. बोल आता.”

ह्यांनी हात खाली घेतला आणि यंत्र बंद केलं. माझ्याकडे न बघता वायर गुंडाळू लागले.

ती शांतता, माझ्या वाक्यासकट, मी बारावीला ऐकवली. मला माझं वाक्य तेवढं ऐकू आलं. त्यानंतर मुलं काहीतरी ऐकत राहिली आणि एकेकाच्या चेहऱ्यावर हसू आलं. मागच्या बाकावरचा एक आडदांड मुलगा तर लाजल्यासारखा हसला.

“काय झालं?” मी विचारलं.

“ती हसली, मॅडम,” मॉनिटर म्हणाली. “खूप वेळ दाबून धरल्यासारखी. म्हणाली, आई बोलली. बाबांनी म्हणायच्या आधीच बोलली. आता आईची पाळी.”

आमच्या खेळाबद्दल मी या मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

“मग?”

“मग खुर्ची सरकली. दार वाजलं. पळत गेली ती, बाहेर.”

“बाहेर ना? नक्की?”

“हो मॅडम. बाहेरच.”

मला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच काही वाटलं. मी फळा पुसला आणि वाचनाचा उतारा घेतला.

स्टाफरूममधे मी ग्रंथपालबाईंना हाक मारली. त्या पुस्तकाला कव्हर घालत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. शिपायाला चहा सांगितला, तो आला नाही. पुन्हा सांगितला. घरी मी ह्यांना म्हटलं, ती सुटली, पळत गेली, मुलांनी सांगितलं. हे खिडकीशी बसून होते, तसेच बसून राहिले. आमच्या घरात एरवीही बोलणं उरलं नव्हतं, त्यामुळे फरक कळायला मला वेळ लागला. वर्गात काहीच बदललं नव्हतं. मी बोलले की मुलं ऐकत होती, प्रश्न विचारत होती, आगाऊपणा करत होती.

परीक्षेसाठी ह्यांनी नवी शांतताच घेतली. माझं वाक्य त्यांनी कापलं. इंग्रजीच्या परीक्षेत घरच्या भाषेतलं वाक्य कसं चालणार?

परीक्षेच्या दिवशी मोठ्या हॉलमधे हे यंत्राशी उभे होते. मी शेजारच्या खुर्चीवर बसले. ग्रंथपालबाई पर्यवेक्षणाला होत्या. तिकीट खिडकीचा संवाद झाला. शांतता सुरू झाली.

“छान आलीय या वेळी,” हे ग्रंथपालबाईंना हळूच म्हणाले. “एकदम स्वच्छ.”

मुलांनी पेनं उचलली नाहीत. सगळ्यांच्या माना तिरक्या झाल्या. मग त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलंही नव्हतं.

नकाशांच्या त्या खोलीतून बाहेर यावं असं मला वाटू लागलं होतं. पाय अवघडले होते. लोकरीचा वास नाकात होता. मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, “अहो, झालं का? बोलू आता?”

हे पडद्यावरची सरळ रेघ बघत होते.

मी पुन्हा विचारलं.

मॉनिटरने हात वर केला. तिचे डोळे भरले होते. “सर, मॅडम विचारतायत. झालं का म्हणून.”

ह्यांनी मान वळवली. मी बसले होते त्या खुर्चीकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

“परीक्षेत बोलू नये,” ते मुलीला म्हणाले, आणि त्यांनी यंत्राचं बटण दाबलं.

हॉलभर माझा आवाज इंग्रजीत म्हणाला, आता पुन्हा ऐका.