प्रतीकचा निरोप

कोर्टाकडून पेशंट आला की डॉक्टर देवयानींच्या कपाळाला आठ्या पडायच्या. दिल्लीतल्या त्या सरकारी मनोरुग्णालयात असे आरोपी निरीक्षणाला पाठवत, आणि गुन्हा करताना माणूस भानावर होता की नव्हता, हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं असे. या खेपेचा पोरगा मराठी निघाला. साहजिकच तो देवयानींच्याच गळ्यात पडला.

उन्मेष लातूरकडचा. करोल बागेतल्या एका खोलीत गावच्या जिवलग मित्रासोबत, प्रतीकसोबत राहून मोठ्या परीक्षेचा अभ्यास करायचा. दोघांत मिळून एकच इंग्रजी पेपर. सकाळी प्रतीक अग्रलेख मोठ्यानं वाचणार, हा टिपणं काढणार. त्याच प्रतीकला उन्मेषनं सुरीनं मारलं, खोलीला कुलूप घातलं आणि सुरी हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या टेकडीवर झाडीत फेकली. पोलिसांचं म्हणणं सरळ होतं, पुरावा लपवणारा वेडा कसला?

पहिल्याच दिवशी तो हसऱ्या चेहऱ्यानं समोर बसला.

“प्रतीक मेला नाही, मॅडम. त्याच्या अंगात दुसराच कुणी शिरला होता. मी त्याला बाहेर काढला. कुलूप लाव, सुरी टाकून दे, हे प्रतीकनंच सांगितलं.”

“आता कुठे आहे प्रतीक?”

“तुमच्या शेजारी... हळू बोला ना. पेपर वाचतोय.”

मग मान तिरपी करून, ऐकत ऐकत त्यानं अख्खा अग्रलेख सांगितला. यमुनेच्या पाण्यावरचा. देवयानींनी तोच सकाळी चहाबरोबर वाचला होता. वॉर्डात पेपर येत नसे. याला पेपर कुणी वाचून दाखवला, असं पहाऱ्यावरच्या हवालदाराला त्यांनी दरडावून विचारलं, तर तो कानाला हात लावून म्हणाला, “मॅडम, मुझे तो अंग्रेजी आती ही नहीं.”

त्यांनी अग्रलेखाचा विषय वहीत टिपून घेतला. पण अहवालात भुताला जागा नसते.

“औषध देऊ नका,” उन्मेष रोज विनवायचा. “तो जाईल हो...”

हेच तर देवयानींच्या जिवाला लागलं होतं. पोरगा आजारी होता, खरोखर आजारी. तसं लिहिलं तर तुरुंग टळणार होता. पण बरा झाला की त्याला कळणार होतं आपण काय केलं ते. कोर्ट देणार नाही ती शिक्षा देवयानींची गोळी देणार होती. तरीही त्यांनी खरं तेच लिहिलं आणि गोळी सुरू केली.

औषध लागू पडलं. जानेवारीतल्या एका सकाळी उन्मेष भिंतीला टेकून बसला होता. हसू पार मावळलेलं.

“मॅडम... त्याला मीच मारलं ना?”

“हो, बाळा.” इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्या आरोपीला बाळा म्हटलं नव्हतं.

“किती दुखलं असेल हो त्याला...”

तो ओक्साबोक्शी रडला. देवयानी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि समजावत राहिल्या, तो आवाज म्हणजे आजार होता, पुन्हा आला तर विश्वास ठेवू नकोस, आधी आम्हाला सांग. दुपारी धुकं विरल्यावर त्याला अंगणात उन्हाला बसवलं आणि त्या आपल्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं. टेबलावर डोकं टेकवून निमूट रडल्या.

“मॅडम...”

समोरच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. कोवळा, लातूरकडचा, संकोचलेला.

“त्याला एवढं सांगाल का... मला फार दुखलं नाही.”

देवयानींना भीती वाटलीच, पण त्याहून जास्त गलबलून आलं. हे एक वाक्य त्या पोराला जगवू शकलं असतं. आणि तेच त्या त्याला कधी सांगू शकणार नव्हत्या. आवाज खरे नसतात, हे आज सकाळीच तर त्यांनी त्याला समजावलं होतं.

दार ढकलून सिस्टर रेवती आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

“मॅडम, उन्मेष तो बाहर धूप में बैठा है...” तिनं खोलीभर नजर फिरवली. “फिर अभी यहां बोल कौन रहा था?”