एकशे चाळीस पावलं

गोळ्या घ्यायला फार तर पाच मिनिटं लागणार होती. म्हणून तिनं आप्पांना औषधाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसवलं, काठी हातात दिली आणि बजावलं, "इथून हलायचं नाही हं."

"हलून जाणार कुठं, भिंगरे? तुझा तो न्हावी तर कायमच सुट्टीवर. माणूस आहे की शाळा?"

ती हसली, पण मनातून चरकली.

आप्पांची नजर जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. तेव्हाचं शहर त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. बसकी घरं, कोपऱ्यावरची बेकरी, आणि या औषधाच्या दुकानापासून एकशे चाळीस पावलांवर डावीकडे वळणारी अरुंद गल्ली. गल्लीत त्यांच्या न्हाव्याचं दुकान. आता तिथं चाळीस मजली काचेची इमारत होती, आणि न्हावी तर गल्ली पडायच्या आधीच वारला होता. पण हे आप्पांना सांगायला तिची जीभ कधी रेटलीच नाही. ती नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायची. त्या गल्लीवरून नवी रेघ मारली होती ती तिच्याच हातानं. मग रोज फिरायला निघालं की ती सांगायची, "बेकरीपुढं गर्दी आहे, आप्पा." "आज न्हाव्याची सुट्टी आहे." आणि घरी आल्यावर आप्पांची दाढी स्वतःच करायची.

गोळ्या घेऊन ती बाहेर आली. बाक रिकामा होता. काठी बाकाला टेकवून ठेवली होती.

दिवेलागण झाली होती आणि धुकं इतकं उतरलं होतं की इमारतींचे वरचे मजले दिसत नव्हते. "आप्पा!" तिची हाक काचांवर आपटून परत आली. काही सुचेना, तेव्हा ती पावलं मोजत निघाली. शंभर. एकशे वीस. एकशे तीसच्या पुढं गाड्यांचा आवाज विरत गेला. एकशे चाळीसला ती थांबली. डावीकडे काचेची उंच भिंत होती.

पहारेकरी पुढं आला. "बाई, काय शोधताय?"

"माझे वडील... त्यांना दिसत नाही. इकडं कुठं वळले का?"

"इथं वळायला जागाच नाही हो. मी नोकरीला लागलो तेव्हापासून ही भिंतच आहे."

"पलीकडं बघून येतो," म्हणून तो गेला. तिनं भिंतीवर तळहात टेकवला. काच गार असायला हवी होती, ती कोमट लागली. आणि मग वास आला... दाढीच्या साबणाचा, ओल्या तुरटीचा. आतून कुठूनतरी कात्रीचा आवाज येत होता. किच्... किच्... मग तो थांबला.

"भिंगरे, जपून. पायरी आहे."

आप्पा तिच्या पुढ्यात उभे होते, भिंतीला पाठ लावून. गाल गुळगुळीत, भांग पाडलेला.

तिनं त्यांचे दोन्ही दंड घट्ट धरले. "कुठं... कुठं गेला होता?"

"कुठं म्हणजे? दाढी करायला. बसू देत होता कुठं फार वेळ! म्हणाला, पोरगी बाहेर घाबरली असेल, उठा आता."

तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांचं सगळं तिथंच, फुटपाथवर, बाहेर पडलं. गल्ली नाही, बेकरी नाही, न्हावीही नाही. "आणि ती रेघ मीच मारली, आप्पा."

आप्पा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "माहितीये गं."

"माहितीये?"

"पूर्वी इथं हाक मारली की लांब निघून जायची. आता परत येते. तेवढ्यावरून कळतं, केवढाल्या भिंती उभ्या राहिल्यात ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू रोज इतका जीव लावून माझी बेकरी उघडी ठेवायचीस... मोडवेना मला."

तिनं डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "पण मग आज... तुम्ही गेलात कुठं?"

"ते मला नको विचारूस," आप्पा म्हणाले. "दार उघडं लागलं, गेलो. तुझी हाक आली, आलो."

दोघं हातात हात घालून घरी आली. वाटेत तिनं पहिल्यांदाच खरं सांगितलं, कुठं काय उभं आहे, किती उंच, कोणत्या रंगाचं. आप्पा लहान मुलासारखे प्रश्न विचारत होते.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं त्यांचा सदरा बदलला. कॉलरच्या आत कापलेले केस टोचत होते, म्हणून तो बेसिनवर झटकला. आप्पांचं डोकं तर केव्हाच कापसासारखं पांढरं झालेलं.

पांढऱ्या बेसिनमध्ये चिमूटभर केस पडले. काळेभोर.